दख्खनची थंडी

युरोपच्या उत्तरेस राहणारा मनुष्य हिवाळ्याला भितो. दख्खनच्या पठारावरील मनुष्य त्याची वाट पाहतो. आठ महिने ऊन आणि पाऊस सोसलेल्या अंगाला दिवाळीनंतरचा गार वारा सुखद वाटतो. घरोघरी गोधड्या बाहेर निघतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते. त्यामुळे थंडीची पहिली वर्दी फडताळातील तेलाची बाटलीच देते.

समुद्राजवळच्या कोकणात हिवाळा सौम्य असतो, कारण पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. पठारावर तसे नाही. तेथे जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. आकाशात ढग असले, तर ते पांघरुणाप्रमाणे जमिनीची ऊब राखतात. पण पौष महिन्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी असते. त्यामुळे रात्री ही ऊब आकाशात निघून जाते. त्यातच हिमालयात बर्फ पडून उत्तरेचे वारे वाहू लागले, की थंडीची लाट येते. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी तापमान १.७ अंशांपर्यंत उतरले होते. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी तर कधी कधी दवबिंदू गोठून पहाटे गवतावर हिमकणांची पांढरी चादर पसरते.

या दिवसांत खाण्यापिण्याची चंगळ असते. शेतात आगटी पेटवून ज्वारीची कोवळी कणसे भाजावी, हातावर चोळून हुरडा काढावा आणि गूळ व शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो गरम गरम खावा, यासारखे सुख नाही. ओला हरभरा, बोरे, पेरू यांचीही रेलचेल असते. बाजरीची भाकरी, लोणी आणि संक्रांतीचा तिळगूळ हे स्निग्ध पदार्थ याच ऋतूत खातात, कारण थंडीत अंगाला स्निग्ध अन्नाची गरज भासते. गहू व हरभरा ही पिके थंडीतच जोम धरतात. कोकणातील आंब्यालाही चांगला मोहर येण्यासाठी गारठा लागतो.

परंतु जी थंडी गव्हाला पोसते, तीच द्राक्षाच्या मुळावर येते. नाशिक जिल्ह्यात पारा फार उतरला, की द्राक्षांची वाढ खुंटते, मणी तडकतात आणि वर्षभराचे कष्ट काही रात्रींत वाया जाण्याची भीती निर्माण होते. मग बागाईतदार झोप सोडून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो व वेलींना पाणी देतो. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असल्याने त्यामुळे बागेतील गारठा थोडा कमी होतो.

याहून मोठी झळ ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबांना लागते. बीडसारख्या कोरड्या भागांतून ती दरवर्षी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि बांबूच्या व पाचटाच्या कोपींत राहतात. कोपीच्या फटींतून वारा शिरतो. तरीही उजाडण्यापूर्वीच आईबाप कोयते घेऊन दवाने भिजलेल्या फडात उतरतात. धाकटी मुले चिंध्यांत गुरफटून फडाच्या कडेला बसतात. चहात विरघळणाऱ्या साखरेच्या प्रत्येक कणामागे अशी एक गारठलेली पहाट असते.

हिवाळ्याच्या रात्री दख्खनच्या पठारावर दूरदूर शेकोट्या दिसतात. दुरून त्या सर्व सारख्याच भासतात. पण एकीभोवती हुरड्याची मंडळी हसत असतात, दुसरीपाशी शेतकरी बाग राखत जागत असतो आणि तिसरीपाशी एखादी आई लेकराचे गार पडलेले हात शेकत असते. थंडीचे सुख उपभोगताना ज्याला या तिसऱ्या शेकोटीची आठवण राहते, त्यालाच हिवाळा खऱ्या अर्थाने कळला.