संग्रहाची खोली आणि भिंतीचा रंग

घराला रंग द्यावयाचा म्हटलें कीं आपण विचार करतों तो छटेचा, टिकाऊपणाचा आणि खर्चाचा. बैठकीच्या खोलीपुरता एवढा विचार पुरेसा असेलहि. परंतु ज्या खोलींत जुनीं नाणीं, पोथ्या व वस्त्रें वर्षानुवर्षें बंद ठेवावयाचीं, तिच्या बाबतींत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: हा रंग हवेंत काय सोडतो? या प्रश्नाकडे दुर्लक्ष झालें तर ज्या खोलीनें वस्तूंचें रक्षण करावयाचें, तीच त्यांचा नाश करूं लागते. आणि हा नाश इतका सावकाश होतो कीं कपाट उघडून पाहीपर्यंत त्याची वार्ताहि लागत नाहीं.

भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या पवनी येथें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं १९६९-७० सालीं उत्खनन केलें आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आणले. डॉ. शां. भा. देव व जगत्पति जोशी यांचा त्यासंबंधींचा अहवाल १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. भंडारा शहराची पितळी भांड्यांबद्दलची ख्याति जुनी आहे, आणि मोहाडी व आंधळगाव येथील कोशाचें कापडहि प्रसिद्ध आहे. वडिलार्जित समया, कोशाचें सोवळें, हस्तलिखित पोथ्या व मोडी कागद ज्या घरांत आहेत, तें घर म्हणजे एक लहानसें वस्तुसंग्रहालयच होय. स्तूपाच्या दगडी खांबाला रंगाची वाफ सहसा बाधत नाहीं. परंतु धातू, रेशीम व कागद यांचें तसें नाहीं.

याचें कारण रंग वाळण्याच्या क्रियेंत आहे. तैलरंग वाळतो तो त्यांतील पाणी उडून जाऊन नव्हे, तर त्यांतील तेलाचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन. या क्रियेंत कांहीं आम्लें वायुरूपानें बाहेर पडतात. एक मुंगीच्या दंशांत असतें तें फॉर्मिक आम्ल, दुसरें व्हिनेगरांतील ॲसिटिक आम्ल. भिंत हाताला कोरडी लागली तरी ही क्रिया थांबत नाहीं. ती कित्येक आठवडे चालूं राहते. उघड्या खोलींतून हीं आम्लें वाऱ्यावर निघून जातात, बंद खोलींत मात्र तीं सांचून राहतात. कपाटाला आंतून तैलरंग दिला असेल, तर जागा अगदींच लहान असल्यामुळें परिणाम अधिकच तीव्र होतो.

पहिला बळी शिशाचा. ॲसिटिक आम्लाच्या वाफेनें त्यावर पांढरी पूड धरते व वस्तु पोखरली जाते. सातवाहनांचीं कित्येक नाणीं शिशाचीं, तर कित्येक तांबें, कथील व शिसें यांच्या मिश्रणाचीं, म्हणजे पोटीनचीं होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या धोक्याची कल्पना येईल. शंखशिंपल्यांवरहि असाच पांढरा थर चढतो, तांबें गंजतें आणि कागद ठिसूळ होतो.

मग रंग कोणता घ्यावा? भिंतीसाठीं पाण्यांत मिसळणारा ॲक्रिलिक इमल्शन जातीचा रंग बहुधा चांगला. तैलरंग व इनॅमल टाळावेत. जुन्या वाड्याच्या जाड भिंतींना चुन्याची सफेदी अजूनहि उत्तम शोभते. तिच्यांतून आम्ल सुटत नाहीं, उलट हवेंतील आम्ल ती थोडेंबहुत शोषून घेते, आणि भिंतींतील ओल बाहेर पडावयासहि वाट राहते. मात्र चुन्याची धूळ झडते व ती क्षारधर्मी असल्यामुळें रेशमास व लोकरीस अपायकारक असते. म्हणून कपाटें भिंतीपासून हातभर दूर ठेवावींत. वाड्यांतील जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, यास्तव तो कोरडा खरवडूं नये. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्या देशांत १ नोव्हेंबर २०१७ पासून लागूं झाला आहे.

तथापि डब्यावरील नांवावर किंवा ‘बिनवासाचा’ या शब्दावर सर्वस्वीं विसंबूं नये. कारखानदार घटक बदलीत असतात. त्यासाठीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनीं १९७३ सालीं एक कसोटी मांडली. वाळलेल्या रंगाचा तुकडा, चांदी, तांबें व शिसें यांच्या स्वच्छ पट्ट्या आणि किंचित् पाणी हीं कांचेच्या घट्ट झांकणाच्या बरणींत घालून ती ६० अंश सेल्सिअस उष्णतेंत २८ दिवस ठेवावयाची. शेजारीं रंगाविना तशीच दुसरी बरणी. दोहोंतील पट्ट्या ताडून पाहिल्या कीं रंगाचा गुणावगुण दिसून येतो. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग सहज होण्याजोगा आहे, आणि संग्रह करणाऱ्या स्थानिक संस्थांनीं तो अवश्य करून घ्यावा.

रंगाइतकेंच महत्त्व वेळेला आहे. आपल्याकडे पावसाळ्यांत भिंती ओल धरतात. ओल्या भिंतीवर चढविलेला रंग पुढें पोपडे धरून सुटतो आणि त्यामागें बुरशी माजते. म्हणून पाऊस संपून भिंती सुकल्यावरच काम काढावें, आणि इमल्शन लावल्यावरहि निदान चार आठवडे दारें-खिडक्या उघड्या ठेवून खोली रिकामी राहूं द्यावी. वास गेला म्हणजे आम्लें गेलीं, असें समजूं नये. प्लायवूडच्या फळ्यांतूनहि अशाच वाफा निघतात. त्यापेक्षां भट्टींत पक्का केलेल्या पावडर रंगाचीं पोलादी कपाटें बरीं.

दिवाळीपूर्वीं घर रंगवावयाचें असल्यास पोथ्यांची व ट्रंकांची खोली सर्वांत आधीं रंगवावी, म्हणजे तिला हा अवधि आपोआप मिळेल. तोंवर तें सामान दुसऱ्या खोलींत अडचण करील, घरांतील मंडळी कुरकुरतीलहि. परंतु ही गैरसोय महिन्याभराची आहे. शिशाच्या नाण्याची एकदां पूड झाली म्हणजे तें नाणें पुन्हां कोणासहि पाहावयास मिळणार नाहीं.