काळ्या मातीतले चुकार अणू

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिराचा दगड काळा आणि भोवतालचं रानही काळंच. ही दोन्ही स्फटिकांची, असं म्हटलं तर ऐकणारा हसेल. स्फटिक म्हणजे पारदर्शक, चकाकणारा, हा आपला पक्का समज. पण चकाकीचा इथे संबंध नाही. अणू ठरावीक क्रमानं पुन्हापुन्हा मांडलेले असले की तो स्फटिक. काचेत असा क्रम नसतो, म्हणून लख्ख काचही स्फटिक ठरत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून थिजलेला बेसॉल्ट मात्र बारीक स्फटिकांनी गच्च भरलेला असतो.

दुसरा समज शाळेतल्या आकृत्यांनी रुजवलाय: स्फटिकात प्रत्येक अणू आपल्या जागी असतो, आणि जागा चुकली तर तो दोष. बेसॉल्टमधल्या प्लॅजिओक्लेज खनिजातच हे खोटं ठरतं. तिथे सोडियम आणि कॅल्शियम एकाच प्रकारच्या जागांवर बसतात. कुठे कोण, याला नेम नाही.

हाच बेसॉल्ट कोरड्या हवामानात झिजून काळी माती होते, तेव्हा अणूंचा हा चुकारपणा शेतकऱ्याच्या पायाखाली येतो. ‘उन्हानं तापून जमीन भेगाळते’ असं आपण म्हणतो. ऊन निमित्त, मूळ कारण स्मेक्टाइट नावाच्या चिकणखनिजात आहे. त्याचा एकेक थर साधारण एक नॅनोमीटर जाड. थराच्या आत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे बंध भलतेच मजबूत; दोन थरांमधली पकड मात्र ढिली. त्यात थरातल्या ॲल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियम बळकावतं, तेही कसलाच क्रम न पाळता. मॅग्नेशियमचा धनभार एकानं कमी, म्हणून सगळा थर ऋणभारित राहतो. तो भार फेडायला कॅल्शियम, सोडियमसारखे आयन दोन थरांमध्ये शिरतात आणि सोबत पाणी ओढतात. थर लांब सरकतात, जमीन फुगते. पाणी गेलं की थर जवळ येतात, जमीन आक्रसते आणि फाटते.

कोकणातल्या जांभ्याच्या मातीला अशा भेगा पडत नाहीत. तिच्यातल्या केओलिनाइटमध्ये अशी अदलाबदल जवळजवळ नसते आणि थरांना हायड्रोजन बंध धरून ठेवतात, त्यामुळे पाण्याला आत वाट मिळत नाही.

आता उसाच्या पट्ट्यातला समज: ‘चोपण जमीन भरपूर पाणी दिलं की धुऊन निघते.’ नुसत्या खारवट जमिनीला, निचरा असेल तर, ते चालेल. चोपणात सोडियम थरांच्या मध्येच ठाण मांडून बसलेला असतो. एकच धनभार असल्यानं तो थरांना जवळ धरू शकत नाही. चिकणकण सुटे होतात, मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी वरच साचतं. जिप्सममधला दोन धनभारांचा कॅल्शियम त्या जागा घेतो, सुटलेला सोडियम पाण्याबरोबर जातो. मात्र जायला वाट हवी. तेव्हा माती तपासून घ्या, आधी चर काढा आणि मगच जिप्सम टाका.