लूझ (मोरांव)
लूझ ही पोर्तुगालच्या एव्होरा जिल्ह्यातील मोरांव नगरपालिकेची एक फ्रेगेझिया, म्हणजे तेथील सर्वांत लहान प्रशासकीय विभाग आहे. ती आलेंतेजो प्रदेशात, ग्वादियाना नदीच्या खोऱ्यात स्पेनच्या सीमेनजीक आहे.

मूळ गाव आज अस्तित्वात नाही. ८ फेब्रुवारी २००२ रोजी आल्केव्हा धरणाचे दरवाजे बंद करण्यात आले. पूर्ण भरल्यावर सुमारे २५० चौ.किमी. पसरणाऱ्या या जलाशयात गावाची जागा बुडाली. पाणी पोहोचण्यापूर्वीच ग्रामस्थांना जवळच बांधलेल्या नव्या गावात हलवून जुनी घरे पाडण्यात आली. नव्या वसाहतीत शक्यतो जुनेच शेजार कायम ठेवले गेले. दफनभूमीतील मृतांचे अवशेषही हलवावे लागले. स्थलांतरातील हा सर्वांत नाजूक भाग होता. नोसा सेन्योरा दा लूझ हे चर्च मूळ वास्तूच्या धर्तीवर पुन्हा उभारले आहे. गावाच्या स्मृती जपणारे संग्रहालय २००३ मध्ये सुरू झाले.