मितानिनीचा मान आणि मानदेय

महिला दिनाच्या सुमारास रायपूरमध्ये सत्कारसमारंभांची रीघ लागते. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि मंत्रिमहोदयांसमवेत एक छायाचित्र. अशा काही समारंभांना मी श्रोता म्हणून बसलो आहे आणि ते निरर्थक असतात असे मला कधीच वाटले नाही. जिला गाव आयुष्यभर अमक्याची सून म्हणून ओळखत आले, तिचे स्वतःचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते, ही लहान गोष्ट नव्हे.

छत्तीसगडला स्त्रियांच्या सेवेची कदर नाही, असेही म्हणता येणार नाही. सतनामी समाजातून पुढे आलेल्या आणि पन्नाशीच्या दशकातच लोकसभेत पोहोचलेल्या मिनीमाता यांच्या नावे राज्य सरकार महिला-उत्थानाचा सन्मान देते. मूठ-मूठ तांदूळ आणि दोन-दोन रुपये जमवून राजनांदगाव जिल्ह्यात बचत गटांचे जाळे विणणाऱ्या फुलबासन बाई यादव यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी बालोदच्या शमशाद बेगम यांनाही. प्रश्न या मोजक्या नावांचा नाही. तो त्यांच्यामागे उभ्या असलेल्या सुमारे ७० हजार मितानिनींचा आहे.

छत्तीसगडी संस्कृतीत ‘मितान बदणे’ म्हणजे विधिपूर्वक मैत्री जोडणे. भोजलीचे कोंब एकमेकींच्या कानात खोचून जोडलेले हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पाळले जाते. नवे राज्य दोन वर्षांचे असताना, २००२ मध्ये, सरकारने आपल्या आरोग्यसेविकेसाठी हाच शब्द निवडला. डॉक्टर कमी, वस्त्या विखुरलेल्या, पावसाळ्यात वाटा बंद. तेव्हा प्रत्येक पाड्याने आपल्यातलीच एक स्त्री निवडावी, तिला प्रशिक्षण आणि औषधांची पेटी द्यावी, अशी ती योजना होती. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ उभी केली, तेव्हा तिच्यासमोर हा नमुना होता. महाराष्ट्रातील आशाताई ही याच मितानिनीची धाकटी बहीण. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला, त्याची मुळे अशी रायपूरपर्यंत जातात.

पण मैत्रीला मोबदला कसला? मितानिनीने प्रारंभी विनावेतन काम केले. पुढे कामागणिक प्रोत्साहन रक्कम आली : प्रसूतीसाठी रुग्णालयात नेले तर इतके, लसीकरण पूर्ण झाले तर इतके. जे कोष्टकात बसत नाही त्याचे मोल शून्य. मध्यरात्री दारूड्या नवऱ्याच्या तावडीतून सोडवलेली शेजारीण किंवा निराधार वृद्धेच्या निवृत्तिवेतनासाठी घातलेले हेलपाटे यांना कोष्टकात रकानाच नाही.

या रकमेला हिंदीत ‘मानदेय’ म्हणतात, मराठीत ‘मानधन’. शब्द मोठा चतुर आहे. त्यात मान आधी येतो आणि त्याच्या आडोशाने धन कमी करता येते. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा, भविष्यनिर्वाह निधी, रजा हे सारे दाराशी येऊन उभे राहते. २०२३ च्या अर्थसंकल्पात छत्तीसगड सरकारने मितानिनींना प्रोत्साहन रकमेखेरीज दरमहा २२०० रुपये जाहीर केले. स्वागतार्हच. परंतु त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २२१ रुपये होती. म्हणजे महिन्याची ही निश्चित रक्कम खड्डे खणण्याच्या दहा दिवसांच्या मजुरीलाही पुरी पडत नव्हती.

याविरुद्धचा एक युक्तिवाद मी गांभीर्याने घेतो. मितानिन सरकारी कर्मचारी झाली, तर ती पाड्याला नव्हे, वरिष्ठांना उत्तरदायी होईल; गावाच्या बाजूने आरोग्य केंद्राला जाब विचारणारी स्त्री त्याच केंद्राची शेवटची पायरी बनेल. भीती खरी आहे. मात्र दरमहा देयकासाठी त्याच केंद्राकडे डोळे लावून बसणारी स्त्री आज तरी कितीशी स्वतंत्र आहे? निवड पाड्याकडे ठेवून वेतनाची हमी राज्याने घेता येते. शिक्षिका किंवा परिचारिका पगार घेते म्हणून तिची सेवा खोटी ठरत नाही. व्यासपीठावरून ‘निःस्वार्थ सेवेचे’ गुणगान करणारे अधिकारीही पगार घेऊनच आलेले असतात.

न्यायालयाने वाट दाखवली आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला आणि त्यांचे मानधन हे कायद्याच्या दृष्टीने वेतनच आहे, असे मानले. त्याआधी २०१३ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसणाऱ्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर राबणाऱ्या अशा स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रात आशांना २०२४ च्या प्रारंभी आझाद मैदानात ठाण मांडावे लागले, तेव्हा कुठे मानधनवाढ पदरात पडली.

छत्तीसगडमध्ये २३ नोव्हेंबर हा ‘मितानिन दिवस’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी साडी आणि श्रीफळ जरूर द्यावे. सोबत मागील बारा महिन्यांत तिला किती रक्कम देय होती, किती आणि कोणत्या तारखेला मिळाली, याचे पत्रकही ग्रामसभेत वाचून दाखवावे. आशेचे प्रारूप देशाला देणाऱ्या राज्याने त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.