सांडपाण्यांतील आम्लांची मोजणी
मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्याचें सांडपाणी ओढ्यांत उतरलें कीं निळा लिटमस कागद तांबडा होतो. आम्हीही पंचनाम्यांत ‘पाणी आंबट’ एवढेंच लिहीत असूं. आम्ल कोणतें व किती, हें त्यावरून ठरत नाहीं. क्रोमॅटोग्राफींत बारीक भुकटी भरलेल्या नळींतून गाळलेलें पाणी दाबानें सोडिलें म्हणजे त्यांतील आम्लें निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात; पुढें मास स्पेक्ट्रोमीटर त्यांस रेणुभारावरून ओळखतो. शिरक्यांतील ॲसेटिक आम्लाचा रेणुभार ६०, दह्यांतील लॅक्टिकचा ९०. प्रमाण मात्र माहीत मापाच्या द्रावणाशीं ताडूनच कळतें. बाटली उन्हांत राहिल्यास जंतु हीं आम्लें खातात किंवा नवीं करितात; मग तो आंकडा ओढ्याचा नव्हे, बाटलीचा! सबब पंचांसमक्ष भरलेली बाटली सीलबंद करून, वेळ लिहून, बर्फांत ठेवून त्याच दिवशीं प्रयोगशाळेंत पोंचवावी.