अपवादाची व्यवस्था

प्रत्येक नियमाला अपवाद असतो, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो. संगणकाची भाषा रचणाऱ्याचे मात्र एवढ्यावर भागत नाही. अपवाद घडला म्हणजे पुढे काय करायचे, याची सोय त्याला भाषेतच करून ठेवावी लागते.

प्रोग्राम म्हणजे वरच्याने खालच्यावर सोपवलेल्या कामांची साखळी. समजा, निकालपत्रक तयार करणाऱ्या प्रोग्रामने गुण वाचण्याचे काम खालच्या भागाकडे दिले आणि एका विद्यार्थ्याच्या गुणांच्या जागी अक्षर निघाले. चूक दिसते ती खालच्याला. पण तेथे शून्य धरायचे, तो एक निकाल राखून ठेवायचा की सारे काम थांबवायचे, हे ठरवायचे वरच्याने. खालच्याने परस्पर शून्य धरले, तर एखादा मुलगा नाहक नापास व्हायचा!

म्हणून खालचा भाग वर वर्दी देतो. पण वर्दी दिल्यावर त्याने काय करावे? येथे दोन पंथ आहेत. १९७० च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांनी 'क्लू' ही भाषा रचली. वर्दी दिली की खालचे काम संपले, असा तिचा दंडक. पुढे सी प्लस प्लस, जावा, पायथन याच वाटेने गेल्या. ही वाट सरळ आहे, पण अर्धे झालेले काम वाया जाते. दुसरा पंथ १९६० च्या दशकातील 'पीएल-वन'चा. त्यात काही अपवादांचे निवारण झाल्यावर, काम जेथे अडले तेथूनच ते पुढे चालू शके. मात्र दूरच्याने केलेली दुरुस्ती खालच्याला मानवेलच, याची खात्री देणे कठीण.

'कॉमन लिस्प' या भाषेने यातून मध्यम मार्ग काढला. खालचा भाग वर्दीबरोबरच आपल्याला शक्य असलेले पर्याय वर कळवतो. वरचा त्यांतून एक निवडतो आणि काम तेथून पुढे सरकते.

आम्हां मिरजकरांना याचा दाखला स्टेशनातच सापडतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचे पाणी आटले. टंचाई दिसली ती लातूरला, पण रेल्वेच्या टाक्या काही लातूरच्या हाती नव्हत्या. हाक वर गेली. राजस्थानातील कोट्याहून टाक्यांचे डबे आले, मिरजेत ते भरले गेले आणि १२ एप्रिलला दहा डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला पोचली. पाणी तेथे विहिरीत उतरवले, शुद्ध केले आणि मग नेहमीप्रमाणे लोकांना वाटले. गाव उठवावे लागले नाही. जेथे काम अडले होते, तेथूनच ते पुन्हा सुरू झाले.

गाडीची बातमी वाचताना मला वाटे, पाणी पोचवणे रेल्वेचे, पण ते कोठे उतरवता येईल हे लातूरकरच सांगणार. ज्याला अडचण दिसते त्याने पर्याय सांगावेत आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने निवड करावी. भाषा रचणाऱ्याने नेमकी एवढीच वाट मोकळी ठेवायची असते.