आगटीपुढे कॅमेरा

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या बारामती-इंदापूरकडच्या मंडळींना हुरड्याचे वेध लागतात. भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बीची ज्वारी पौषाच्या सुमारास अशा वयाला येते, की दाणा भरलेला असतो पण टणक झालेला नसतो. भाकरीसाठी मालदांडी आणि हुरड्यासाठी गूळभेंडी, हा इकडचा जुना हिशेब. कारण गूळभेंडीचा दाणा गोड तर असतोच, पण हातावर चोळताच बोंडातून सहज सुटतो. मग शेतात एक खड्डा, त्यात पेटवलेल्या गोवऱ्या, गरम राखेत खुपसलेली कणसे, आणि भोवती शेंगदाण्याची चटणी, गूळ व ताक घेऊन कोंडाळे करून बसलेले आप्तेष्ट. हीच आगटी.

अशा बैठकीत कुणीतरी हौशी मनुष्य कॅमेरा काढतोच. पूर्वी तो लग्नकार्यासाठी घेतलेला हँडीकॅम असे, हल्ली बहुधा मोबाइल असतो. दुसऱ्या दिवशी घरची मंडळी मोठ्या उत्सुकतेने ते चित्रण पाहू लागतात, तो काय? मध्यभागी एक पांढराफटक गोळा, भोवती मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके, आणि माणसे म्हणाल तर नुसते आवाज! आजी बोलते आहे, पण आजी दिसत नाही.

दोष कॅमेऱ्याचा थोडा आणि आपल्या अपेक्षेचा अधिक. मराठी भाषेने आगीच्या किती अवस्था वेगळ्या ओळखल्या आहेत पाहा. ज्वाळा उठतो तो जाळ. जाळ बसला की विस्तव. त्यातला धगधगता तुकडा म्हणजे निखारा किंवा इंगळ. आणि वर राखेची चादर, पोटात धग, तो फुफाटा. आगीतून उठून फुफाट्यात पडणाऱ्याची म्हण आपल्याकडे उगीच झालेली नाही. आता गंमत अशी, की हुरडा भाजतो तो या फुफाट्यात. जाळात घातलेले कणीस वरून करपते आणि आत कच्चे राहते. म्हणजे आगटीचे खरे काम जिथे चालते, तिथे उजेड जवळजवळ नसतोच. कॅमेरा मात्र उजेडामागे धावतो.

कोणताही पदार्थ सुमारे ५२५ अंश सेल्सियसपर्यंत तापला म्हणजे अंधारात मंद लाल दिसू लागतो. त्याहून अधिक तापला की नारिंगी होतो. गोवरीच्या निखाऱ्यावर राख साचली की ही लाली झाकली जाते. फुंकर घातली, काडीने ढोसले, की पुन्हा उजळते. आपला डोळा हे सारे एकाच वेळी टिपतो. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन मात्र सर्व चौकटीची सरासरी काढते. चौकटीत बहुतेक काळोखच असल्यामुळे त्याला वाटते, उजेड कमी पडला. मग तो आलेला क्षीण संदेश विजेच्या बळावर फुगवतो. याला गेन म्हणतात. संदेश फुगतो तसा त्यातला खरबरीतपणाही फुगतो, त्याच त्या मुंग्या. आणि निखारा बिचारा जळून पांढरा होतो. रात्रीचा दिवस करण्याच्या नादात कॅमेरा रात्रही घालवतो आणि निखाराही.

मग करावे काय? पहिली गोष्ट वेळेची. पौषात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरची वीसएक मिनिटे, म्हणजे आपली दिवेलागण, ही चित्रणाची सोन्यासारखी वेळ. आभाळात निळसर उजेड उरलेला असतो आणि निखाराही दिसू लागलेला असतो. माणसांचे चेहरे, मागचे ज्वारीचे रान आणि आगटी ही तिन्ही एका चौकटीत नांदतात ती एवढ्याच अवधीत.

पुरता अंधार पडला की मापनाची सूत्रे स्वतःच्या हाती घ्यावीत. निखाऱ्याचा नारिंगी रंग पडद्यावर नीट दिसेल इतपत उजेड कमी करून तो तिथेच कायम करावा. रंगांचा तोलही स्वयंचलित ठेवू नये. नाहीतर कॅमेरा लाली धुऊन काढायला बसतो. तो घरातल्या दिव्याच्या खुणेवर ठेवावा. झूम करू नये. बहुतेक भिंगांचे छिद्र झूम केल्यावर लहान होते आणि उजेड आणखी घटतो. त्यापेक्षा आपणच चार पावले पुढे सरावे. धुरात स्वयंचलित फोकस वेड्यासारखा मागेपुढे करतो, म्हणून तोही हाताने बसवून ठेवावा.

आणि माणसांनाही जवळ बसवावे. निखाऱ्यांचा पसारा लहान असेल, तर दोन हातांवर बसलेल्याच्या तोंडावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या सुमारे चौपट एका हातावर बसलेल्याच्या तोंडावर पडतो. कणसे उलटताना कुणी आगटी ढोसली की क्षणभर सगळ्यांचे चेहरे उजळतात. तो क्षण येणार हे ठाऊक असते. कॅमेरा आधीपासून चेहऱ्यांकडे रोखलेला असावा, आगीकडे नव्हे.

काही कॅमेऱ्यांत अंधारात पाहण्याची सोय असते. सोनीने १९९८ साली आपल्या हँडीकॅममध्ये ती आणली. तीत डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपले जातात आणि चित्र हिरवट येते. राखण करायला ती उत्तम, आगटीला कुचकामी. कारण निखारा हेच किरण भरमसाट फेकतो आणि पुन्हा पांढरा गोळा पदरी येतो.

काळोखाशी हा झगडा थोरामोठ्यांनाही चुकला नाही. स्टॅन्ले कुब्रिक यांनी ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातले काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात घेतले. त्यासाठी नासाकरिता घडवलेली झाइसची अतिविशाल छिद्राची भिंगे त्यांना मिळवावी लागली. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी, वाटाण्याचे रोप वाढताना एकेक चित्र टिपून एक छोटा चित्रपट केला होता. एक अंकुर टिपायला जी चिकाटी लागली, तिच्या शतांशानेही आपली आगटी साधेल.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर या भागाच्या पाण्यात आहे. १८८०च्या दशकात नीरेचा डावा कालवा आला, १९३०च्या दशकात वालचंदनगर वसले, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. पाण्यामागून ऊस आला आणि घरात पैसा आला, हे चांगलेच झाले. पण उसाने ज्वारीला मागे सारले. आज सुपे-मोरगावकडच्या जिरायत पट्ट्यात ज्वारीचे रान दिसते. बागायतीतल्या पुष्कळ घरांना मात्र हुरड्यासाठी दुसऱ्याच्या बांधावर जावे लागते. कृषिपर्यटनाच्या ठिकाणी हुरडा मिळतो, त्यामुळे शेतकऱ्याला चार पैसेही मिळतात. पण तिथे अनेकदा वर झगझगीत दिवे असतात आणि भाजणारा दुसराच कुणी असतो.

घरच्या आगटीवरचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. कणीस राखेतून केव्हा ओढायचे हे आजी वासावरून ओळखते. चटका बसणार नाही आणि दाणा चेंगरणार नाही अशा बेताने ते तळहातांत कसे फिरवायचे, मग कोंडा फुंकरीने कसा उडवायचा, हे पाहूनच शिकायचे असते. शिकणारी नातवंडे पुण्या-मुंबईला, कुणी परदेशात. त्यांच्यासाठी हे हात टिपून ठेवणे अगत्याचे आहे. कणीस घेतल्यापासून दाणा पानावर पडेपर्यंत, मध्ये न तोडता, एका हाताचे चित्रण घ्या. ते चालू असताना आजीला बोलते करा. कोणत्या वाणाचा हुरडा, कोणत्या रानातला, हे तिच्याच तोंडून येऊ द्या. चेहरा काळोखात गेला तरी आवाज राहील, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसा.

आणखी एक. कपाटात जुन्या हँडीकॅमच्या फिती पडून असतील, तर त्या या सुट्टीतच संगणकावर उतरवून घ्या. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे टिकत नाही आणि ती चालवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत. आगटी पेटायला अजून दोन महिने आहेत. तेवढ्या अवधीत घरातल्या एका खोलीतला दिवा मालवून, एका पणतीपुढे कॅमेऱ्याचा सराव करायला काहीच हरकत नाही. दिवाळीत पणत्यांना तोटा नाही.